अस्सल महाबळेश्वरी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे सांगून ठेवलं आहे. महाबळेश्वरात नदीचं मूळ विचारावंच लागत नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ते रांग लावून दाखवलं जातं, आणि तेही एकीचं नव्हे, तर कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाचजणींचं. पाचही प्रवाह एका दगडी गोमुखातून कुंडात पडतात. भाविक ओंजळ भरतो, डोळ्यांना लावतो, बाटलीत थोडं घेतो, आणि आपल्या वाट्याला नेमकी कोणती नदी आली हे विचारण्याच्या फंदात पडत नाही. अशा गावी आलेल्या माणसाला मूळ शोधायची खोड लागली तर दोष त्याचा नाही. त्यातून तो पाच-सहा किलोमीटरवरच्या बाजारात उतरला की दर दुसऱ्या पाटीवर ‘अस्सल’, ‘ओरिजिनल’ आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’ असं लिहिलेलं. मग साहजिकच प्रश्न पडतो, की या गावात अस्सल महाबळेश्वरी म्हणजे काय? एकेक वस्तू हातात घेऊन तपासत गेलं तर हिशेब असा निघतो: महाबळेश्वरात जे जे नावाजलेलं आहे ते बाहेरून आलेलं आहे, आणि जे खरोखर इथलं आहे ते मिळेल त्या वाटेनं बाहेर चाललेलं आहे. यात गावाची नाचक्की करायचा हेतू नाही. बाहेरून आलेल्यांपैकी कुणाला घरचं मानायचं आणि कुणाला पाहुणा म्हणूनच निरोप द्यायचा, याची इतकी चोख परीक्षा दुसऱ्या कुठल्या गावाकडे असेल असं वाटत नाही. परीक्षेकडे वळण्याआधी उमेदवार पाहून घेऊ.

पहिला मान स्ट्रॉबेरीचा. 2010 मध्ये ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे फळ इथलंच, इतरांनी हे नाव लावू नये, अशी सरकारी मोहोर उठली. देशातली सुमारे 85 टक्के स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातून येते असं सांगतात, तेव्हा मोहोर अस्थानी नाही. आता बाईंचं कूळ पाहा. आज आपण खातो ती टपोरी स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बागांत जन्मली. आई चिलीची, वडील व्हर्जिनियाचे. इंग्रजांच्या हौसेपायी ती सह्याद्रीवर चढली. बरं, एकदा येऊन कायमची नांदली म्हणावं तर तसंही नाही. तिची मातृरोपं आजही कॅलिफोर्निया, इटली असल्या ठिकाणांहून मागवली जातात. पावसाळ्यात रोपवाटिकांच्या आडोशाला त्यांना रनर फुटतात, त्यांची रोपं होतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात ती गादीवाफ्यांवर लागतात, नोव्हेंबरच्या सुमारास फळ सुरू होतं आणि मे सरता सरता खेळ आटोपतो. शेतकरी सांगत असतो, “यंदा चार्ली लवकर आली, विंटर डॉन जरा नाजूकच निघाली, नाबीलानं मात्र हात दिला.” ऐकणारा नवखा असेल तर बोलणं पिकाचं चाललंय हे त्याला कळायला वेळ लागतो. इथे कुणी म्हणेल, की मग मानांकन कसं मिळालं? सोपं आहे. मानांकन देणाऱ्यांनी जन्मदाखला मागितलाच नाही. त्यांनी लाल माती, थंड हवा आणि त्यातून उतरलेली चव पाहिली. परक्या रोपाला इथली माती काय करून ठेवते, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि गाव पारखायलाही तोच प्रश्न योग्य आहे.

बाजारातला ‘स्ट्रॉबेरी विथ क्रीम’चा ग्लास एकदा जवळून पाहण्यासारखा असतो. तळाशी लालभडक क्रश, त्यावर चिरलेल्या फळांचा थर, मग आइस्क्रीमचा गोळा, त्याच्या डोक्यावर फेटलेल्या क्रीमचा डोंगर, शिखरावर अर्धी कापलेली स्ट्रॉबेरी, आणि या सगळ्यात उभा खोचलेला एक लांब चमचा. हा चमचा तळापर्यंत जाईतो वरचं शिखर कडेनं ओघळून खाणाऱ्याच्या नव्या स्वेटरवर उतरलेलं असतं. हा ग्लास इथला राष्ट्रीय पदार्थ म्हणावा इतका खपतो, पण त्यातलं काहीही सह्याद्रीच्या पोटातून निघालेलं नाही. कोपऱ्यावर कागदाच्या पुडीत मिळणारे महाबळेश्वरचे प्रसिद्ध चणे घ्या. हरभरा हे देशावरच्या काळ्या रानातलं पीक, तो इथे नुसता गरम वाळूत उड्या मारायला येतो. पॉइंटवर निखाऱ्यावर भाजलं जाणारं कणीस मूळचं अमेरिकेचं. चपलांच्या दुकानांतल्या चपला कोल्हापूरचं नाव लावून बसलेल्या. भाज्यांची कथा तर आणखी रंगतदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी सिंगापूर-मलाक्काकडचे चिनी कैदी आणून इथल्या तुरुंगात ठेवले होते. या मंडळींनी डोंगरउतारावर बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले, आणि त्यांच्या हाताखाली बघत बघत आसपासचे लोक ते शिकले. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला. मागे राहिले ते बटाटे, गाजरं आणि ‘चायनामन्स फॉल’ नावाचा एक धबधबा. दीडशे वर्षांनी चीन इथे पुन्हा आला, तो शेजवान चटणी होऊन. आज बाजारात एकाच तव्याच्या परिसरात गुजराती थाळी, पंजाबी भाजी, जैन पावभाजी आणि चायनीज भेळ मिळते. या भेळेला चिनी माणसाचा हात लागलेला नाही, आणि शेजारच्या पावभाजीतल्या बटाट्याला कधीकाळी लागला होता, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

पदार्थांचं सोडा, खुद्द गावाचंच पाहू. 1824 मध्ये साताऱ्याच्या छावणीतला लॉडविक नावाचा अधिकारी हा डोंगर चढून आला आणि इथली हवा काय वर्णावी असं त्याला झालं. चार-पाच वर्षांत मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम स्वतः आले, आणि 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी होऊन वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा कंपनीकडे गेली. वसवलेल्या पेठेला माल्कमपेठ नाव पडलं. म्हणजे आपण ज्याला महाबळेश्वर म्हणून मिरवतो ते अदलाबदलीत गेलेलं गाव आहे. ज्या महाबळेश्वराच्या नावानं हे सगळं चालतं, ते देवाचं मूळ गाव मात्र ‘जुनं महाबळेश्वर’ ठरलं. देवाला आपण जुने झाल्याचं अशा रीतीनं समजलं असेल. पुढे मुंबई सरकारचा उन्हाळी संसार दरवर्षी इथे येऊ लागला. साहेब गेले त्याला आता पाऊण शतक उलटलं, पण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशा त्यांनी कड्यावरच्या एकूण एक जागा धरून ठेवल्या आहेत. आर्थर मॅलेट यांची सीट कायम आहे. एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, विल्सन आणि लॉडविक आपापल्या टोकावर ठाण मांडून आहेत, आणि माल्कमसाहेबांची कन्या केट यांच्या पॉइंटवर तर घोडेवाल्यांपासून फोटोवाल्यांपर्यंत सगळा दरबार भरतो. जिथे होड्या चालतात तो वेण्णा तलावही निसर्गानं दिलेला नाही. साताऱ्याच्या शहाजी महाराजांनी तो 1842 मध्ये बांधवून घेतला. हिवाळ्यात त्याच तलावाकाठी दवबिंदू गोठतात आणि वर्तमानपत्रांत गाडीच्या टपावरच्या पांढऱ्या कणांचा फोटो येतो. गंमत अशी, की गावातल्या वेधशाळेचा पारा तेव्हा सात-आठ अंशांच्या खाली उतरलेला नसतो. रात्री जड झालेली गार हवा उतरत उतरत तलावाच्या खोलगट भागात साठते, म्हणून तिथे दव गोठतं आणि उंचावरच्या वेधशाळेला त्याची दादही लागत नाही. एवढ्या स्थानिक, इतक्या घरगुती थंडीलाही बातमीत ‘मिनी काश्मीर’चा मथळा मिळतो. थंडीसुद्धा दुसऱ्याच्या नावावर खपवायची, याला म्हणतात सातत्य.

साहित्य-संस्कृतीच्या प्रांतात तरी काही मूळचं सापडेल, अशी आशा असते. जवळचं भिलार हे देशातलं पहिलं ‘पुस्तकांचं गाव’. 4 मे 2017 रोजी ते सुरू झालं, आणि त्याची कल्पना आली वेल्सच्या सीमेवरल्या हे-ऑन-वाय या गावावरून. पण हे-ऑन-वायमध्ये जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, तिथे पुस्तक विकत घ्यायचं असतं. भिलारमध्ये माणसं आपल्या घरातली पुढची खोली पुस्तकांना देतात. एका घरात कथा-कादंबऱ्या, दुसऱ्या घरात बालसाहित्य, तिसऱ्यात संतवाङ्मय. कुणीही यावं, बसावं, वाचावं आणि पुस्तक जागेवर ठेवून जावं. विकायची वस्तू येता येता वाटेत पाहुणचाराची झाली. अंगणात स्ट्रॉबेरी आणि ओसरीवर चरित्रं, असा योग वेल्सवाल्यांच्या स्वप्नातही आला नसेल. 2009 च्या मार्चमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं 82 वं अधिवेशन महाबळेश्वरात भरलं. नियोजित अध्यक्ष आनंद यादव यांनी कादंबरीवरून उठलेल्या वादात पद सोडलं आणि संमेलन अध्यक्षांविनाच पार पडलं. मांडव होता, पाहुणे होते, जेवणावळी होत्या, ठराव होते. खुर्ची तेवढी रिकामी. बाकी कुठल्याही गावाला हे चुटपुट लावून गेलं असतं. महाबळेश्वराला अशा गोष्टींची सवय आहे. पॉइंटवर यावं आणि धुक्यामुळे समोरचं काहीच दिसू नये, तरी सगळ्यांनी कठड्याला टेकून फोटो काढून समाधानानं परतावं, हा इथला रोजचाच प्रकार.

यावर पहिला आक्षेप येणार तो देवळाच्या बाजूनं. चणे-फुटाण्यांचं ठीक आहे, पण पाच नद्या तरी इथल्याच ना? इथल्याच. त्याबद्दल वाद नाही. पण जन्मल्या जागी त्यांचं वागणं कसं आहे ते बघा. कृष्णा वाईकडे उतरते आणि सुमारे 1,400 किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वेण्णा तिला माहुलीला गाठते, कोयना कऱ्हाडला. सावित्री दुसऱ्या बाजूनं उडी घेऊन पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत अरबी समुद्राला जाते, आणि गायत्री तिच्यातच मिसळून मोकळी होते. एकाच माहेरच्या पाच बहिणी. तिघी पूर्वेला, दोघी पश्चिमेला, आणि माहेरी थांबायला एकही तयार नाही. उलट जी इथली नव्हे ती मात्र मुद्दाम येते. पंचगंगेच्या ओळीत आणखी दोन प्रवाह मानले आहेत. गुरू कन्या राशीत शिरला की बारा वर्षांतून एकदा भागीरथी येते, असा अलीकडचा योग 2016 चा, आणि सरस्वती येते साठ वर्षांतून एकदा. आता नीट विचार केला तर ठरावीक मुहूर्तावर लांबून येऊन, काही काळ मुक्काम करून, पुण्य वाटून परत जाणारी ही मंडळी म्हणजे या गावाचे पहिले पर्यटक. माल्कमसाहेबांनी सीझनचा शोध लावला असं इंग्रजी पुस्तकं म्हणतात. भागीरथीनं तो त्यांच्याआधी कितीतरी शतकं लावून ठेवला होता, आणि तिचा सीझन बारा वर्षांचा असल्यानं बुकिंगची मारामारीही नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे, कारण त्याला नांगी आहे. महाबळेश्वरचा मध. इथली सातेरी मधमाशी मूळची इथली. ती ज्यांच्यावर बसते ती जांभूळ, हिरडा, गेळा ही झाडं इथली, आणि सात-आठ वर्षांतून एकदाच डोंगरच्या डोंगर जांभळा करून टाकणारी कारवीही इथलीच. 2022 मध्ये तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ जाहीर झालं, आणि त्यासाठी कल्पना वेल्सहून आणावी लागली नाही. इथे आमच्या युक्तिवादाला डंख बसतो तो मुकाट्यानं सोसला पाहिजे. फक्त एवढंच म्हणायचं, की हाही मध बाटलीत बसला की पहिल्या गाडीनं पुण्या-मुंबईला निघतो, तेव्हा हिशेबाची दुसरी बाजू तो पक्की करतो. माणसांचं म्हणाल तर जुन्या गॅझेटियरमध्ये या डोंगरावरचे कोळी, कुणबी, धनगर आणि लोखंड गाळणारे धावड नोंदले आहेत. ही मंडळी माल्कमच्या आधीपासूनची, यात शंका नाही. त्यांच्या ताटात नाचणीची भाकरी, वरी, भात, पावसाळ्यात रानभाज्या आणि खेकडे. बाजारातल्या मेनूकार्डावर यातलं काही सहसा चढत नाही. म्हणजे अस्सल काय ते अखेर सापडलं, नाचणीची भाकरी! पण धान्याचा इतिहास सांगतो, की नाचणी काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातून आली. म्हणजे तीही पाहुणीच. फरक इतकाच, की ती आली आणि पावसाळ्यात परत गेली नाही.

गावाची परीक्षा म्हणायची ती हीच. इथे माणूस, झाड, धान्य, दुकान, देव, कुणीही असो, त्याला इथलं ठरवायचा अधिकार तहसीलदाराकडे नसून जून ते सप्टेंबर या महिन्यांकडे आहे. पाऊस हा इथला एकमेव परीक्षक, आणि त्याच्याकडे वशिला चालत नाही. महाबळेश्वरचा सरासरी पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात. अठरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत तो निम्म्याहून कमी, आणि सांगलीला पोहोचेपर्यंत सहाशेच्या आसपास. जुलै 2021 मध्ये इथे 24 तासांत 594 मिलिमीटर पडला. सांगलीचं अख्खं वर्ष इथे एका दिवसात आटपलं. त्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता तुटला, आणि खाली सांगलीला कृष्णेनं हद्द ओलांडली. कारण महाबळेश्वरच्या पाचपैकी तीन नद्या एकत्र होऊन त्याच वाटेनं जातात. म्हणूनच सांगलीकर महाबळेश्वरचा पाऊस मिलिमीटरमध्ये वाचत नाही, तो सांगलीच्या आयर्विन पुलापाशी चढणाऱ्या पाण्याच्या फुटांत वाचतो. या गावाची खरी निर्यात पाणी आहे, आणि ती कधी कधी मागणीपेक्षा जास्त होते.

या परीक्षेला बसायचं म्हणजे काय, ते जून उजाडला की दिसतं. दुकानांवर आणि घरांच्या भिंतींवर प्लास्टिकचे कागद चढतात. पूर्वी हेच काम गवताच्या जाड आवरणानं व्हायचं. सरपण आत येतं, पॉइंटवरच्या टपऱ्या गुंडाळल्या जातात, घोडे खाली जातात. साहेबाचं सरकारही जूनच्या मध्यापर्यंत गाशा गुंडाळून पुण्याला पळायचं. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता हे खरं, पण महाबळेश्वरात तो आषाढात उगवतही नाही, याची त्यांना कल्पना होती. स्ट्रॉबेरीही त्याच सुमारास आवरतं घेते. त्या काळात ढग गावात राहायला येतात. ते उंबऱ्यावर थांबत नाहीत. उघड्या खिडकीतून शिरतात, कपाटातल्या कपड्यांना भेटून दाराबाहेर पडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 2012 मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा इथे थाटली ती याच कारणानं. इतरत्र शास्त्रज्ञांना ढगात शिरायला विमान लागतं, इथे ढगच शास्त्रज्ञांच्या टेबलावर येतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्रही इथेच आहे. गव्हाचं हे रान नव्हे, पण गव्हावर पडणाऱ्या रोगाला इथली दमट थंड हवा मानवते. म्हणजे ज्याला खोकला होतो तो पाहुणा पाचगणीला परततो, आणि ज्याला हवा मानवते त्याच्यासाठी सरकार केंद्र उघडतं. या काळात मागे कोण उरतं? भाताची खाचरं, नाचणीचे उतार, जांभळाचं रान, देवळातली दोन वेळची पूजा, शाळेत छत्री उलटी होत होत जाणारी पोरं, आणि चार महिने धंदा नाही तरी दुकानाचं अर्धं शटर उघडून चहा पीत बसलेला माणूस. त्याचे आजोबा गुजरातेतून आले असोत, कोकणातून की साताऱ्याहून, त्याला आता बाहेरचा म्हणायची सोय उरत नाही.

यावर तिसरा आक्षेप येणं रास्त आहे. सगळेच पाहुणे, सगळ्यांचंच स्वागत, असं म्हटलं की मग डोंगर फोडून उभी राहणारी रिसॉर्ट्स, सुट्टीच्या दिवसांत वेण्णा तलावापासून लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा, दरीकाठच्या बाटल्या, यांनाही ‘बाहेरून आले, आपले झाले’ म्हणून मिठी मारायची का? अजिबात नाही. परीक्षा आहे म्हटल्यावर नापास होणारेही असणार. नाचणी पास झाली, कारण तिनं उतार धरून ठेवला. बटाटा पास झाला. चिनी कैदी शिक्षा भोगायला आले आणि मळे शिकवून गेले, म्हणजे ते तर पहिल्या श्रेणीत. भिलारची पुस्तकं पास झाली. स्ट्रॉबेरीला मात्र काठावरचे गुण द्यावे लागतात. रोपं दरसाल नवी मागवायची म्हणजे ती दरवर्षी पुन्हा परीक्षेला बसते, पण तिच्या मागे घरंच्या घरं उभी राहिली, 1959 मध्ये पाचगणीत सुरू झालेल्या माप्रोपासून गल्लीतल्या जॅमच्या बाटलीपर्यंत. उतार कापून, झाडं हलवून, पावसाला वाट न ठेवता उभी राहते ती इमारत नापास. तिचा निकाल पाऊसच लावतो, आणि तो लावताना खालच्या गावांनाही धरतो, एवढाच त्यात अन्याय. 2001 मध्ये केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केला. ही काही दिल्लीची नवी कल्पना नव्हती, डोंगराचाच जुना नियम अखेर राजपत्रात छापला गेला. कचऱ्याबाबत तर डोंगराचं मत त्याहून स्पष्ट आहे. आर्थर सीटवरून हलकी वस्तू खाली टाकली तर दरीतून चढणारा वारा ती पुन्हा वर आणून देतो. लोक गंमत म्हणून बाटलीचं बूच टाकतात आणि ते परत आलं की टाळ्या वाजवतात. ‘तुमचं तुम्ही घेऊन जा’ हे इतक्या सभ्यपणे कुठल्याच नगरपरिषदेनं सांगितलेलं नाही.

आता तर कोयनेच्या अंगानं दोनशेहून अधिक गावं मिळून ‘नवीन महाबळेश्वर’ वसवायचा बेत सरकारदरबारी आहे. एक जुनं होतं, त्याच्या शेजारी माल्कमनं नवं केलं, ते नवं गर्दीनं जुनं झालं, म्हणून आता आणखी नवं. याला हरकत घेण्याचं कारण वेगळं आहे. महाबळेश्वर नकाशावर आखून होत नाही, ते पावसाळे मोजून होतं, आणि त्यात घाई करायची सोय नाही. रस्ते, हॉटेलं, पॉइंट, कठडे हे सारं दोन वर्षांत उभं राहील. पण कोणतं रोप मानवेल, कोणता पाहुणा टिकेल, कुठल्या भिंतीला कुठल्या बाजूनं पाऊस झोडपतो हे कळायला तिथली दोन-तीन पिढ्यांची माणसं ओली व्हावी लागतात. ती माणसं त्या गावांत आधीपासून आहेत, तेव्हा बेत आखणाऱ्यांनी पहिला आराखडा त्यांच्या पडवीत बसून, शक्यतो जुलैत, काढावा. कागद भिजला तर आराखडा पुन्हा काढावा लागेल, आणि दुसऱ्यांदा काढलेला बहुधा लहान निघेल.

बाजारातल्या पाट्यांपुरती एक व्यवहार्य सूचना करता येईल. ‘अस्सल’ हा शब्द लिहायचा परवाना मालाचं कूळ पाहून देऊ नये. कूळ पाहिलं तर चण्यापासून चपलेपर्यंत एकही पाटी उरणार नाही, आणि मधाच्या दुकानापुढे उगाच रांग लागेल. परवाना द्यावा तो ऑगस्टमधल्या तपासणीवरून: दुकान उघडं होतं का, मालक जागेवर होता का, आणि त्याच्या गल्ल्यातल्या नोटा कोरड्या होत्या का. हाच नियम माणसांनाही लावावा. मे महिन्यात चार दिवस राहून ‘महाबळेश्वर आता पूर्वीचं राहिलं नाही’ असं सांगत फिरणाऱ्यांनी एकदा जुलैत यावं. पॉइंट दिसणार नाही, स्ट्रॉबेरी नसेल, कपडे वाळणार नाहीत. चौथ्या दिवशीही ज्यानं ‘ऊन कधी पडेल?’ असं विचारलं नाही, त्यानं खुशाल स्वतःला महाबळेश्वरकर म्हणवून घ्यावं; गाव हरकत घेणार नाही. त्या दिवसांत खोल्यांचे दर उतरतात, त्याला लोक ऑफ सीझन म्हणतात. खरं तर तो प्रवेशपरीक्षेचा काळ असतो, आणि फी मुद्दाम माफक ठेवलेली असते.